मोत्ताइनाइ जुना बाजार आणि केनियातली झाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियोतल्या मोत्ताइनाइ बाजारात मी कधी गाळा लावते, कधी नुसतीच फिरायला जाते. त्यावरून निशिकासाईच्या, म्हणजे टोकियोतल्या आपल्या भारतीय वस्तीच्या, लिफ्टमध्ये, शाळेच्या फाटकापाशी आणि रात्री अकराला फोनवर तेच ते प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. प्रश्न तुम्ही विचारलेत तसेच ठेवलेत, फक्त आधीचं "ताई, एक विचारू का?" गाळलंय. ठिकाण, तारीख आणि गाळ्याचं भाडं दर वेळी बदलतं, ते आयोजकांच्या ताज्या सूचनेत बघा. इथे लिहिलं तर महिन्याभरात शिळं होईल.

१. हा बाजार नेमका आहे तरी काय?

घरातल्या वापरलेल्या पण धड वस्तू लोकांनी लोकांनाच विकायच्या, असा चौकात किंवा मोकळ्या जागेत भरणारा बाजार. कपडे, कपबशा, पुस्तकं, लहान मुलांचे बूट असं काहीही असतं. वस्तू कचऱ्यात जाऊ नये हा एक हेतू. दुसरा हेतू असा की, आयोजकांना होणाऱ्या उत्पन्नातला काही भाग केनियातल्या 'ग्रीन बेल्ट मूव्हमेंट' या झाडं लावणाऱ्या चळवळीला जातो. बाजार भरवते मोत्ताइनाइ मोहीम. माइनिची वृत्तपत्र आणि इतोचू ही व्यापारी कंपनी यांच्या पुढाकाराने ती २००५ मध्ये सुरू झाली.

२. मोत्ताइनाइ म्हणजे "वाया घालवू नका" एवढंच ना?

रोजच्या बोलण्यात तेवढंच. आजी नातवाला ताटातल्या शेवटच्या शितावरून म्हणते, तेच. पण शब्द फोडला तर 'मोत्ताइ' म्हणजे वस्तूचा अंगभूत मान, आणि 'नाइ' म्हणजे नाही. शब्दाचं मूळ बौद्ध विचारात आहे. वस्तू टाकून दिली याचं वाईट वाटतंच, पण तिचा मान राखला गेला नाही याचं जास्त वाटतं.

आपल्याकडे याला एक शब्द नाही, पण सवयी भरपूर आहेत. धान्याला पाय लागला की आपण हात लावून नमस्कार करतो. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतो. बोहारीण आली की आई चार साड्या देऊन एक पातेलं घ्यायची आणि त्या एका पातेल्यासाठी अर्धा तास भांडायची. हे सगळं मोत्ताइनाइच की.

३. शब्द जपानी, बाजार टोकियोत, मग पैसे केनियाला का?

कारण हा शब्द जगभर नेला तो एका केनियन बाईने. वांगारी मथाई यांना २००४ चं शांततेचं नोबेल मिळालं. हवामान बदलाविषयीचा क्योटो करार १६ फेब्रुवारी २००५ ला अमलात आला, त्याच महिन्यात माइनिची वृत्तपत्राच्या निमंत्रणावरून त्या जपानला आल्या आणि इथे हा शब्द त्यांच्या कानावर पडला. कमी वापरा, पुन्हा वापरा, नवं रूप देऊन वापरा ही त्रिसूत्री त्यांना ठाऊकच होती. पण या तिन्हींत चौथी गोष्ट मिसळून, म्हणजे मान राखून, एकाच शब्दात सांगता येतं हे त्यांना फार आवडलं. पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या महिलांविषयीच्या बैठकीत त्यांनी उपस्थितांकडून तो शब्द म्हणवून घेतला.

जपानी माणसांना आपलाच शब्द परक्या तोंडून ऐकल्यावर तो नव्याने दिसला. मोहीम उभी राहिली ती त्यातून. तेव्हा पैसे केनियाला जातात ते मेहरबानी म्हणून नाही. माझ्या मते ती उधारीची परतफेड आहे.

४. माझ्या गाळ्यावरचे सगळे पैसे दान होतात का?

नाही. तुमचा गल्ला तुमचाच. दान जातं ते आयोजकांच्या उत्पन्नातून, म्हणजे तुम्ही भरलेल्या भाड्याचा वगैरे काही भाग. हे स्पष्ट लिहितेय कारण एका मैत्रिणीने दिवसभराची कमाई पाकिटात घालून संध्याकाळी स्वयंसेवकाच्या हातात ठेवली आणि तो बिचारा गोंधळून तीनदा वाकला. तुम्हाला वरून द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण ते वेगळं.

५. ग्रीन बेल्टवाले तिथे करतात काय? झाडं लावतात, एवढं माहीत आहे.

थोडं मागे जावं लागेल. मथाईंचा जन्म १९४० चा, न्येरी भागातल्या इहिथे गावचा. घराजवळ एक मोठा मुगुमो होता, आपल्या वड-उंबराच्या कुळातला. आईने बजावलं होतं की त्याची वाळकी काटकीसुद्धा सरपणाला आणायची नाही, ते देवाचं झाड आहे. (आपल्या देवराईत हेच सांगतात.) झाडाजवळ झरा होता आणि झऱ्याच्या कडेला नदुमा, म्हणजे आपल्या अळकुड्याच. पाण्यात बेडकाची अंडी दिसायची. लहानगी वांगारी ती मणी समजून उचलायला बघायची आणि ते मणी बोटांतून निसटायचे.

शिकून परत आल्यावर बघतात तर जमीन दुसऱ्याची झालेली. त्याने चहा लावायला झाड तोडलं होतं आणि झरा आटला होता. मोठी मुळं जमिनीत खोल जाऊन पाणी वर यायला वाट करून देतात, हे त्या तोवर जीवशास्त्र म्हणून शिकल्या होत्या. १९७१ मध्ये त्यांनी नैरोबीत डॉक्टरेट घेतली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत तोवर कुठल्याच बाईने घेतली नव्हती.

पुढे केनियाच्या राष्ट्रीय महिला परिषदेत खेड्यांतल्या बायका सांगू लागल्या की सरपणाला लांब जावं लागतं, पाणी गढूळ येतं, पोरांना सकस खायला नाही. मथाईंचं उत्तर होतं, मग झाडं लावू. ५ जून १९७७ ला नैरोबीच्या कामुकुंजी मैदानात पहिली सात झाडं लागली. आजवर आकडा पाच कोटींच्या पुढे गेला आहे.

खरी मेख पद्धतीत आहे. बायकांनी गट करायचा, आसपासच्या रानातल्या देशी झाडांचं बी गोळा करायचं, रोपवाटिका करायची, रोपं आपल्या आणि शेजाऱ्यांच्या जमिनीत लावायची. मग तपासणी. सुरुवातीला जगलेल्या रोपामागे अमेरिकी ४ सेंट मिळायचे. लावलेल्या रोपामागे नाही हं, *जगलेल्या*. वृक्षारोपणाचा फोटो काढून पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा रोप लावणं आपण सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून हा एक शब्द मला फार मोलाचा वाटतो.

६. पण झाडाने स्वावलंबन कसं येणार? पोट कसं भरणार?

न्येरीसारख्या भागात मळे, चहा आणि कॉफी आली आणि घरच्या अन्नाची जमीन कमी झाली. सरपण दुर्मिळ झालं की बाई लवकर शिजणारं शिजवते. मैदा, पाव, गोड चहा. डाळी-कडधान्यं मागे पडतात आणि भरल्या पोटी मूल खंगतं. म्हणजे झाड हे चुलीतून थेट ताटात येतं. सरपण, चारा, फळं, कुंपणाला काठ्या, धरून ठेवलेली माती आणि वर रोपांचे थोडे रोख पैसे. ते पैसे बाईच्या स्वतःच्या हातात येतात, आणि ज्या घरात बाईच्या हातात पैसा नसतो तिथे चार सेंटसुद्धा काय असतात हे वेगळं सांगायला नको.

चळवळ नदुमा, रताळी अशी जुनी पिकंही पुन्हा लावायला सांगते. पाऊस दगा देतो तेव्हा जमिनीखालचं कंदमूळच टिकतं.

७. ठरवतं कोण? जपानी लोक की केनियन?

केनियन. कुठे रोपवाटिका, कुठलं झाड, कुठल्या गटाला किती, हे तिथली संस्था आणि गट ठरवतात. बाजाराचं काम पैसे पोचवण्याचं.

सुरुवातीला तिथल्या सरकारी वन अधिकाऱ्यांचंही म्हणणं होतं की झाडं लावायला पदविका लागते, अडाणी बायकांचं ते काम नव्हे. बायकांनी फुटक्या मडक्यांत बी रुजवलं, शेळ्या-कोंबड्या पोचणार नाहीत अशा उंच जागी ठेवलं, आणि रोपं आली. धान्य पेरणाऱ्याला बी कसं पेरायचं हे शिकवायची गरज नसते. 'पदविका नसलेल्या वनपाल' हे नाव त्यांना मग कौतुकाने मिळालं.

८. इतकी यातायात कशाला? जुने कपडेच पेटीत भरून आफ्रिकेला पाठवू या की!

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि माझं सर्वांत ठाम 'नाही'.

श्रीमंत देशांनी टाकलेले कपडे आफ्रिकेत कधीपासून जातायत, आणि ते फुकट वाटले जात नाहीत. ते गाठोड्यांच्या भावाने विकत घेतले जातात. केनियात या मालाला मितुम्बा म्हणतात, म्हणजे शब्दशः गाठोडीच. नैरोबीच्या गिकोम्बा बाजारात व्यापारी न उघडता गाठोडं विकत घेतो आणि आत काय निघेल ते त्याचं नशीब. चांगले शर्ट निघाले तर धंदा, फाटके निघाले तर बुडीत आणि वर कचरा त्याच्याच शहरात. घानात अशा कपड्यांना 'मेलेल्या गोऱ्याचे कपडे' म्हणतात. एवढं चांगलं टाकून दिलंय म्हणजे मालक वारला असणार, असा त्यामागचा सरळ हिशोब.

या स्वस्त मालापुढे तिथल्या गिरण्या आणि शिंप्यांना उभं राहणं जड जातं. म्हणून २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी मिळून ही आयात हळूहळू बंद करायचं ठरवलं. रवांडाने किलोमागचा कर २० सेंटवरून अडीच डॉलर केला. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली आणि २०१८ मध्ये अमेरिकेने रवांडाच्या कपड्यांची करमाफी थांबवली. बाकीचे देश त्याआधीच मागे हटले होते. टाकलेला शर्ट घेत नाही म्हणून शिक्षा झाली!

दुसरी बाजूही सांगते. मितुम्बावर केनियातल्या असंख्य विक्रेत्यांची, रफू करणाऱ्यांची, हमालांची चूल पेटते. प्रश्न तिढ्याचा आहे आणि तो सोडवायचा त्यांनी. आपण आपले कपडे इथेच, टोकियोतच, दुसऱ्याच्या अंगावर जातील असं बघावं आणि तिकडे पैसे जाऊ द्यावेत.

९. गाळा लावायला परवाना लागतो का?

स्वतःच्या घरात वापरलेल्या वस्तू काढून टाकत असाल तर नाही, आयोजकांकडे नाव नोंदवा आणि भाडं भरा. पण नफ्यासाठी जुन्या वस्तू विकत घेऊन पुन्हा विकत असाल तर जपानच्या कायद्याने जुन्या मालाच्या व्यापाराचा परवाना लागतो आणि तो पोलिसांमार्फत मिळतो. पोलीस ऐकून दचकू नका. चोरीचा माल खपू नये म्हणून ती सोय आहे.

करही तसाच. घरगुती वापराच्या वस्तू विकून आलेल्या पैशावर आयकर नाही. अपवाद दागिने, रत्नं, कलाकृती यांचा, एका नगाची किंमत ३ लाख येनच्या वर असेल तर. आजीच्या पाटल्या जुन्या बाजारात विकायला काढणार असाल तर कराआधी आजीशी बोला.

१०. मी डिपेंडंट व्हिसावर आहे. सासूबाई टुरिस्ट व्हिसावर आल्यात. आम्ही बसू शकतो का?

वर्षातून एकदा घर आवरून निघालेलं सामान विकणं हा व्यवसाय धरला जात नाही. पण विकण्यासाठी म्हणून भारतातून कुर्ते मागवून दर रविवारी बसलात तर तो व्यवसायच. डिपेंडंटांना त्यासाठी इमिग्रेशनची वेगळी परवानगी लागते. सर्वसाधारण परवानगी आठवड्याला २८ तासांपर्यंतच्या नोकरीसाठी असते, स्वतःच्या धंद्याचं तिथे जाऊन विचारा. टुरिस्ट व्हिसावर कमाईचं कामच करता येत नाही. सासूबाईंच्या नावावर गाळा नको. शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीत डोकावल्या तर कोण हरकत घेणार?

११. काय विकायला चालत नाही?

खाद्यपदार्थ, औषधं, नकली ब्रँडच्या पर्स. दिवाळीत उरलेल्या चकल्यासुद्धा नाही, अन्न विकायला आरोग्य केंद्राची परवानगी लागते.

आपल्या मंडळींचा खास अपवाद म्हणजे कुकर. घरगुती प्रेशर कुकर जपानमध्ये विकायचा तर त्यावर पीएससी ही सुरक्षेची खूण लागते, आणि आपण पुण्याहून बॅगेत साड्यांत गुंडाळून आणलेल्या कुकरवर ती नसते. मिक्सरचंही तेच, तिथे पीएसई खूण. शिवाय तो २३० व्होल्टचा. इथल्या १०० व्होल्टवर चटणी होत नाही, नुसता आवाज होतो. कुकर-मिक्सर ओळखीच्यांत द्या. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, एसी यांचा विचारही करू नका (प्रश्न १७).

१२. आपल्याकडचं काय खपतं?

स्टीलचे डबे. विशेषतः तीन पुडांचे, कडीवाले. सुती ओढण्या. आणि सोलापुरी चादरी, ज्यांना आपण घरात पायपुसण्याच्या एक पायरी वर ठेवतो.

टोकियोतल्या अकिहाबारा भागातल्या बाजारात एकदा मी जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली चादर ठेवली होती. एक सत्तरीच्या बाई आल्या. आधी हातमोजा काढला. मग चादरीचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला, उलटी बाजू बघितली, काठाशी सूत मोजलं. दोन्ही बाजूंनी नक्षी उमटलेली बघून "होऽऽ" केलं. किंमत विचारली नाही. विचारलं, "ही किती वर्षं वापरली?" मी म्हटलं बारा. त्यांनी मान हलवली, पाचशेचं एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि चादर फुरोशिकीत, म्हणजे वस्तू बांधायच्या चौकोनी कापडी रुमालात, बांधून नेली. मी तीनशे सांगणार होते.

१३. घासाघीस चालते का?

चालते, पण मंडईतली नव्हे. "थोडं कमी होईल का?" एकदाच, हसून. समोरचा हजाराचे आठशे म्हणाला की घ्या किंवा आभार मानून पुढे जा. "जाते मग मी" म्हणून चार पावलं चालायचं नाटक इथे करू नका, तुम्हाला कोणी परत बोलावत नाही. मी अशी एक छान किटली गमावलीय.

विकणाऱ्यांसाठी: सुटे पैसे! पहिल्या वेळी सकाळची पहिली चार गिऱ्हाइकं हजाराच्या नोटा घेऊन आली आणि माझ्याकडे एकूण दोनशे सत्तर येन. नवऱ्याला गाळ्यावर बसवून मी स्टेशनवर पाण्याच्या बाटल्या विकत घेत सुटे करत फिरले. शंभराची वीस-तीस नाणी आदल्या दिवशीच आणून ठेवा.

१४. पिशवी द्यायची का?

जपानमध्ये जुलै २०२० पासून दुकानांत प्लास्टिक पिशवीला पैसे पडतात, आणि या बाजारात लोक आपली पिशवी आणतातच. मथाई जातील तिथे फुरोशिकी दाखवायच्या. त्यांचं म्हणणं होतं की फेकलेल्या पिशव्यांत पाणी साचतं आणि डास वाढतात. केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली, तुरुंगवासाच्या तरतुदीसकट. महाराष्ट्राची बंदी जून २०१८ ची. भाजीवाल्यांकडे ती कितपत पोचली, ते तुम्ही सुट्टीत गेल्यावर बघून या.

१५. मुलांचा वेगळा बाजार असतो म्हणतात. आम्ही सोबत थांबू शकतो ना?

नाही, आणि तीच त्यातली गंमत आहे. मुलांच्या बाजारात साधारण तिसरी ते सहावीची मुलं विकतात, घेणारीही मुलंच. मोठ्यांना आत प्रवेश नाही. किंमत ठरवणं, मांडणं, सुटे देणं सगळं त्यांनी करायचं. दोरीबाहेर मराठी आईबाप कसे दिसतात हे बघण्यासारखं असतं. खुणा करणारे, हातवारे करणारे, "अगं, ते पन्नासला नको देऊस!" असं मराठीत ओरडणारे. मुलीने एकदाही वळून बघितलं नाही. शंभरची बाहुली पन्नासला दिली आणि वर दोन स्टिकर फुकट दिले.

१६. ही चळवळ राजकारण करते असं वाचलं. मग पैसे द्यावेत का?

झाड तोडणारा मोठा असला की झाड वाचवणं हे राजकारण होतंच. १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये सत्ताधारी पक्षाच्या वृत्तपत्रासाठी साठ मजली इमारत उभी राहणार होती. मथाईंनी पत्रांमागून पत्रं लिहिली, संसदेत त्यांची टिंगल झाली, पण परदेशी पैसा मागे हटला आणि पार्क राहिलं. जानेवारी १९९९ मध्ये नैरोबीच्या करुरा जंगलात रोप लावायला गेल्या तर भाडोत्री गुंडांनी डोकं फोडलं. २००२ मध्ये त्याच बाई खासदार झाल्या. आपल्या सरकारने त्यांना नेहरू पुरस्कार दिला.

गावोगावच्या बैठकांत त्या आधी लोकांना अडचणी मोजायला लावायच्या. यादी शंभराच्या पुढे जायची आणि सगळा दोष सरकारचा. मग विचारायच्या: प्रवासाला निघालात आणि पोचलात भलतीकडे, तर काय झालं असेल? उत्तर यायचं, चुकीच्या बसमध्ये बसलो. का बसलात? पाटी वाचता आली नाही, कोणाला विचारलं नाही, कोणी फसवलं, दमदाटी केली. स्वारगेटला उभं राहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. याला राजकारण म्हणायचं तर म्हणा. पैसे द्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी देते.

(जोडप्रश्न नेहमी येतो: केनियाचं 'हरांबे', म्हणजे सगळे मिळून ओढा, हे आपल्या 'हर अंबे'वरून आलं का? रेल्वे बांधणाऱ्या भारतीय मजुरांची ही गोष्ट गोड आहे, पण किनाऱ्यावरच्या हमालांच्या स्वाहिली हाळीत तो शब्द त्यांचा त्यांनाच होता असं मानलं जातं. सगळं आपल्याकडूनच गेलं पाहिजे असं नाही.)

१७. न विकलेलं सामान तिथेच ठेवून आलं तर चालेल का? कोणीतरी नेईलच.

मुळीच नाही. आणलेलं सगळं परत न्यायचं, चहाचा कागदी कप आणि खाली अंथरलेल्या ब्लू शीटवरची, म्हणजे निळ्या ताडपत्रीवरची, चिकटपट्टीसुद्धा. मोठ्या वस्तू टाकायच्या तर आपल्या वॉर्डात आधी नोंदणी करून सोदाइ गोमीचं, म्हणजे मोठ्या कचऱ्याचं, स्टिकर विकत घ्यायचं. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, एसी त्यातही बसत नाहीत. २००१ पासून त्यांना वेगळा कायदा आहे आणि पुनर्वापराचं शुल्क आपणच भरायचं.

म्हणून निघताना एवढंच न्या, जेवढं ट्रेनमध्ये परत आणता येईल. शेवटच्या अर्ध्या तासात भाव पाडा. शेवटच्या दहा मिनिटांत 'फुकट' अशी चिठ्ठी लावा आणि शेजारच्या गाळेवाल्यांना विचारा. मागच्या वेळी मी चार डबे घेऊन गेले होते. तीन विकले, चौथा शेजारच्या आजोबांना दिला, आणि त्यांच्याकडून न खपलेला एक लोकरी मफलर घेऊन आले.